त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्क्याण्णव, तेहतीस

तिला सगळे क्लचबाई म्हणायचे. तोंडावर ‘ताई’, आणि ताईंची पाठ वळली की क्लचबाई. गाडी शिकवताना तिच्या तोंडी उठता-बसता तोच एक शब्द. “क्लच सोडा. हळू. अजून हळू. क्लच म्हणजे दाराची कडी नव्हे, उचलली आणि झालं.” तिच्याकडून शिकून गेलेली माणसं सांगत, की नंतर कित्येक महिने एकटं गाडी चालवतानाही शेजारच्या सीटवरून तिचा आवाज येत राहतो.

गाडी लहानशी, पांढरी. शिकणाऱ्याच्या पायाशी क्लच-ब्रेकची एक जोडी आणि तिच्या पायाशी दुसरी. दोन्ही दारांवर वीतभर उंचीचे निळे आकडे रंगवलेले: ७३९३९१३३. हा त्यांच्या घरचा फोन. घर म्हणजेच ऑफिस, आणि ऑफिस म्हणजे बाहेरच्या खोलीतलं खिडकीजवळचं एक स्टूल, स्टुलावर फोन, आणि फोनशेजारी तिचा नवरा.

गाडी शिकवायचा धंदा मुळात नवऱ्याचा. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. पाठ दुखायला लागली तेव्हा बस सोडून त्याने ही गाडी घेतली, आणि पहिली शिकाऊ म्हणून बायकोलाच बसवलं. “तू शिकलीस तर कुणीही शिकेल,” असं तो म्हणाला होता, आणि त्याबद्दल दोन दिवस त्याला बेचव जेवण जेवावं लागलं होतं. धंदा बरा चालला होता. मग त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं दिसत राहील, मधलं येणार नाही. ज्याने जन्मभर समोर बघण्याचंच काम केलं, त्याला नेमकं समोरचं दिसेना. लायसन्स गेलं.

तेव्हा तिने परीक्षा दिली आणि शिकवायला लागली. सुरुवातीला लोक फोनवर विचारायचे, “शिकवतं कोण? बाई? मग राहू द्या.” मग बायका यायला लागल्या, आणि त्या नीट शिकल्या हे पाहून मागोमाग त्यांचे नवरेही. घर चाललं. नवरा फोनवर बसला. वेळा देणं, वेळा बदलणं, कोण आलं नाही, कोण कंटाळलं, सगळं तोंडपाठ. वहीत बघता येत नव्हतं, त्यामुळे शिकाऊंचे नंबरही त्याच्या डोक्यात. पण गाडीत तो पुन्हा बसला नाही. “मागे बसायला मी काय पार्सल आहे?” असं एकदा म्हणाला, आणि विषय संपला. सुरुवातीला तो रोज संध्याकाळी विचारायचा, आज कोणत्या रस्त्याने गेलीस, गर्दी होती का. नंतर विचारायचंही सोडलं. फोन वाजला की बोलायचा, ठेवला की गप्प.

फोन वाजायचा मात्र भरपूर, आणि त्यातले निम्मे गाद्यांसाठी. गावात एका गादीवाल्याचा नंबर यांच्यासारखाच होता, फक्त यांच्या त्र्याण्णवच्या जागी तिथे त्र्याऐंशी. लोक ऐकताना घोळ करायचे. “त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्क्याण्णव, तेहतीस,” तो दिवसातून दहादा शांतपणे सांगायचा, “इथे गाद्या मिळत नाहीत. इथे बसायचं शिकवतात, झोपायचं नाही.” हा विनोद त्याने इतक्या वेळा केला होता की आता तो हसायचाही नाही.

अशात गणिताच्या मॅडम शिकायला आल्या. वय सत्तावन्न, कॉलेजात शिकवायच्या. आजवर गाडीची गरज पडली नव्हती. पण डोंगरापलीकडच्या गावात त्यांची मोठी बहीण एकटी राहायची, तिचं कंबरेचं हाड मोडलं, आणि तिकडे दुपारनंतर एकही बस जात नव्हती. “मला फक्त तिथपर्यंत जाता आणि परत येता आलं पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “बाकी शहरात मी चालतच फिरेन.”

सरळ रस्त्यावर त्या ठीक चालवायच्या. पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक चढ होता, तिथे घोडं पेंड खायचं. चढावर थांबून पुन्हा गाडी उचलायची म्हटलं की गाडी एक हिसका द्यायची आणि बंद. एका सकाळी लागोपाठ चारदा बंद पडली. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काही काढला नाही.

“मुलांना मी सांगते, पेपरात घाबरलात तर पेन खाली ठेवा,” मॅडम म्हणाल्या. कपाळावर घाम होता. “इथे खाली काय ठेवू?”

“हँडब्रेक ओढा आणि खाली उतरा. दोन मिनिटं मोकळी हवा घ्या.”

दोघी उतरल्या. ट्रक बाजूने निघून गेला. मॅडम रुमालाने तोंड पुसत होत्या, आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला. इतके दिवस घाबरत घाबरत दार उघडून आत बसणाऱ्या बाईंनी दारावरचा नंबर आज पहिल्यांदा वाचला होता.

“हा तुम्ही मागून घेतला?”

“छे हो. फोनवाल्यांनी दिला तो घेतला. आम्हाला तर बदलून हवा होता. लोक चुकतात.”

“बदलला नाहीत ना? बरं केलंत.” मॅडमनी तळहाताने शेवटचा तीन झाकला. “मूळ संख्या माहीत आहे ना तुम्हाला? जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणानेच पूर्ण भाग जात नाही.”

“शाळेत होतं काहीतरी.”

“तुमचा अख्खा नंबर मूळ आहे. आता हा शेवटचा आकडा झाकला. उरलेलीही मूळ. अजून एक झाकते. तीही मूळ.” हात दारावरून मागे सरकत गेला. सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्क्याण्णव. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. सात हजार तीनशे त्र्याण्णव. सातशे एकोणचाळीस. त्र्याहत्तर. शेवटी एकटा सात उरला. “एकालाही भाग जात नाही. आणि अशा जातीची ही सगळ्यात मोठी संख्या. हिच्या शेवटी अजून कुठलाही आकडा लावा, भाग जातोच.”

“याहून मोठी अजून सापडली नाही म्हणता?”

“सापडली नाही असं नव्हे. नाहीच.”

क्लचबाईने दाराकडे पाहिलं. रंग एका कोपऱ्यात उडाला होता. “याचा उपयोग काय?”

“काहीच नाही,” मॅडम अगदी आनंदाने म्हणाल्या.

“मग बसा. अर्धा तास राहिलाय.”

त्या दिवशी पाचव्या खेपेला गाडी चढली.

संध्याकाळी मटार सोलता सोलता तिने हे नवऱ्याला सांगितलं, गादीवाल्याची एखादी गंमत सांगावी तसं. तो ऐकत होता की नाही कळेना. मग म्हणाला, “पुढे कुठलाही आकडा लावला तरी?”

“असं म्हणाल्या.”

“कशावरून?”

“ते मी नाही विचारलं.”

त्याने फोन उचलला आणि मॅडमचा नंबर फिरवला. ती सोललेले दाणे घेऊन आत गेली. भाजी झाली, पोळ्या झाल्या, तरी बाहेर बोलणं चालूच होतं.

मॅडमनी त्याला साधी युक्ती सांगितली होती. शेवटी शून्य, दोन, चार, सहा, आठ लावले तर संख्या सम होते, पाच लावला तर पाचाने भाग जातो. एक लावला तर सगळ्या आकड्यांची बेरीज होते एकोणचाळीस, सात लावला तर पंचेचाळीस; बेरजेला तीनाने भाग गेला की संख्येलाही जातो. उरले तीन आणि नऊ. त्यांनाही भाग जातो, पण मोठ्या भाजकाने. तेवढं विश्वासावर घ्या, म्हणाल्या. विश्वासावर घेणाऱ्यातला हा माणूस नव्हता. बसचं इंजिन मेकॅनिकने ठीक म्हटलं तरी हा बॉनेट उघडून स्वतः कान लावून बघायचा.

पण एकदम मोठ्या संख्येला हात घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून तो खालून निघाला. सातशे एकोणचाळीस त्याने तोंडी केले. भाजक कुठवर तपासायचे तर वर्गमूळापर्यंतच; भाग जायचाच असेल तर जोडीतला एक भाजक त्याच्या आतला असणारच. म्हणजे दोनपासून तेवीसपर्यंत नऊच मूळ संख्या. सात हजार तीनशे त्र्याण्णवला त्र्याऐंशीपर्यंत जावं लागलं. नंतर डोक्यात मावेना, तेव्हा त्याने कॅलेंडरची जुनी पानं उलटी करून त्यावर जाड मार्करने हातभर आकडे काढायला सुरुवात केली. मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघत. टेबल, पलंग, जमीन, सगळीकडे पानं. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. तिला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. नऊ दिवस गेले, पानं वाढतच राहिली.

एकदा दुपारी ती दोन शिकवण्यांच्या मध्ये घरी आली, तर दारातच तिला त्याचं हसणं ऐकू आलं. चांगलं मोकळं हसणं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “मॅडम म्हणतात, एक्क्याण्णव ही फार लबाड संख्या. दिसते मूळ, पण तेरा सत्ते एक्क्याण्णव. मी त्यांना म्हटलं, आपल्या नंबरात चार जोड्या आहेत ना? त्र्याहत्तर मूळ. त्र्याण्णवला तीनाने जातो, एक्क्याण्णवला साताने, तेहतीसला तीनाने. चारातले तीन फुटके, आणि एकत्र उभे राहिले की कुणाची टाप नाही त्यांना फोडायची.”

“हो का,” ती म्हणाली, आणि पाणी प्यायला आत गेली.

आत उभी राहून तिने पाणी प्यायलं. हे हसणं ऐकायला तिने दोन वर्षं काय काय केलं होतं. शिकाऊंच्या नकला, शेजाऱ्यांची भांडणं, सगळं घरी आणून ओतलं होतं. आणि ते हसणं आलं कुठून, तर फोनमधून. मॅडमवर राग धरावा असं काही नव्हतं, म्हणून तर ते जास्त टोचत होतं.

रात्री जेवताना ती म्हणाली, “माझ्याशी असं बोलायला काय होतं तुम्हाला?”

त्याने हातातला घास खाली ठेवला. “तुझ्याशी बोललो की रस्ता आठवतो,” म्हणाला. “तू काहीही सांगितलंस तरी रस्त्यावरचंच असतं. त्यात तुझी काही चूक नाही. या आकड्यांचा रस्त्याशी काही संबंध नाही, म्हणून बरं वाटतं.”

वाढायचं राहिलं होतं ते तिने वाढलं. पण दुसऱ्या दिवशी मॅडम गाडीत बसल्यावर तिने आधी सांगितलं, “आज दहा मिनिटं तुम्ही मला शिकवायचं. ते बेरजेचं आणि तीनाचं काय आहे ते.”

मॅडमनी स्टिअरिंगवर बोटाने आकडे काढत समजावलं. क्लचबाईने ते दिवसभर मनात घोळवलं, आणि रात्री कॅलेंडरची पानं बाजूला सारून नवऱ्यासमोर बसली.

“मला एक सांगा. आपल्या नंबरात तीन चार आहेत...”

“चार नाहीच आपल्यात.”

“अहो, तीन हा आकडा चार वेळा आहे. नऊ दोनदा. मग एक एकदाच का? आणि सात तर पहिला सोडला तर पुन्हा नाहीच.”

हे त्याने पाहिलं नव्हतं. मग हळूहळू, एकेक पायरी चाचपत बोलायला लागला. “सातला तीनाने भागलं की बाकी एक. पुढे तीन लावा, नऊ लावा, बेरजेची बाकी हलत नाही. एकच राहते.”

“बरं.”

“एक लावला की बाकी झाली दोन. आता पुन्हा एक लावला तर...”

“तीन. म्हणजे शून्य. म्हणजे भाग गेला.”

“आणि सात लावला तरी तेच. म्हणजे एक किंवा सात, दोघांतला कुणी एकच, आणि तोही एकदाच येऊ शकतो. त्यानंतर फक्त तीन आणि नऊ.” तो थांबला. “तुला कसं सुचलं हे?”

“रोज दार मीच पुसते ना.”

त्याने लगेच फोनकडे हात नेला, मग घड्याळाचा ठोका ऐकून मागे घेतला. “उद्या सांगू मॅडमना,” म्हणाला. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या की बरोबर आहे, आणि वर्गात सांगताना आता त्या हेच सांगतील.

त्यानंतर काही आठवड्यांनी फोन उचलला की आधी एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज यायला लागला. ग्राहकांची संख्या वाढल्यामुळे येत्या महिन्यापासून या भागातल्या सर्व क्रमांकांच्या आधी चार हा आकडा जोडण्यात येईल. नवऱ्याने तो निरोप दोनदा ऐकला आणि फोन ठेवला.

“आपल्या आकड्यांची बेरीज अडतीस, आणि चार बेचाळीस,” तो म्हणाला.

ती बूट घालत होती. तिनेही मनात हिशोब केला होता. “तीनाने जातो.”

“तीनाने. पार तीनाने. एखादा मोठा भाजक असता तरी चाललं असतं.”

“फोन वाजायचा थांबणार नाही ना?”

“वाजेल.” जरा वेळाने म्हणाला, “मला त्यांच्या ऑफिसात जायचंय.”

“टॅक्सी बोलावू?”

“घरात गाडी असताना टॅक्सी कशाला?”

ती बुटाची नाडी हातात धरून तशीच राहिली. पण फार आश्चर्य दाखवलं तर हा मागे फिरेल हे तिला ठाऊक होतं. “अकराला मॅडमची शिकवणी आहे,” ती म्हणाली. “त्याच चालवतील. चालेल?”

“चालेल की नाही ते त्यांच्या क्लचवर आहे.”

तर असे तिघे निघाले. मॅडम चालवायला, क्लचबाई शेजारी, आणि नवरा मागे, गुडघे पोटाशी घेऊन. तिने आरशातून पाहिलं, तो खिडकीला गाल लावून कडेने जाणारी दुकानं बघत होता.

फोनच्या ऑफिसात काउंटरवर एक तरुण कारकून होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, “काका, लोक माझ्याकडे येतात ते लकी नंबर मागायला. न भागणारा मागायला आलेले तुम्ही पहिलेच. पण हा चार काही तुमच्या एकट्याला नाही. अख्ख्या भागाला आहे.”

“दोन का नाही घेतला? आठ का नाही?”

“दोन नदीपलीकडच्यांना दिला. आठचं मला माहीत नाही.” कारकुनाने कागदावर नंबर लिहून बघितला. “खरंच शेवटून काढत गेलं तरी भाग जात नाही?”

“एकालाही नाही.”

“आणि आम्ही सुरुवातीला आकडा लावून घाण केली.” तो जरासा ओशाळला. “तुमची तक्रार लिहून घेऊ का? काही होणार नाही, पण लिहून घेतो.”

“नको. काही होणार नसेल तर कशाला कागद खराब करता?”

परत येताना टाकीच्या चढावर पुढे एक टेम्पो थांबला होता. मॅडमना थांबावं लागलं. टेम्पो हलला, मॅडमनी क्लच सोडला, गाडीने हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. क्लचबाईने तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“पायाकडे लक्ष देऊ नका, मॅडम. इंजिन ऐका. पाय वर येताना आवाज जरा जड होतो, गळा बसल्यासारखा. तो ऐकू आला की पाय तिथेच रोखा. मग हँडब्रेक सोडा.”

मॅडमनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आवाज वर गेला, मग खाली आला.

“हा. इथे. थांबा.”

गाडी थरथरली आणि वर चढली. क्लचबाई दुसऱ्या जोडीवर पाय ठेवून तयार बसली होती, तिला काही करावं लागलं नाही. इतकी वर्षं ती पाय कसा सोडायचा ते सांगत होती. कानाने शिकवावं हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःला त्याने असंच शिकवलं होतं का, हे ती आठवून बघत राहिली. नीटसं आठवेना.

मॅडम परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या. चढावर नव्हे, गाडी मागे घेताना. दुसऱ्यांदा पास झाल्या, आणि त्या रविवारी डोंगर ओलांडून बहिणीकडे गेल्या. पोचल्यावर त्यांनी फोन केला तो क्लचबाईच्या घरी. गाडी वाटेत किती वेळा बंद पडली हे त्यांनी सांगितलं नाही, आणि नवऱ्यानेही विचारलं नाही.

पेंटर येऊन दोन्ही दारांवर चार रंगवून गेला. आधीचे आकडे मधोमध बसलेले होते, त्यामुळे नव्याला जागा अपुरी पडली आणि तो दाराच्या कडेला चिकटून उभा राहिला. एका शिकाऊने विचारलं, हा असा बाजूला का? क्लचबाई म्हणाली, नंतर आलाय. गादीवाल्यालाही चार मिळाला, त्यामुळे त्याचे फोन येतच राहिले.

नवरा आता आठवड्यातून एखाद-दोनदा गाडीत मागे बसतो. सगळ्यांबरोबर नाही, ज्यांची गाडी सारखी बंद पडते त्यांच्याबरोबर. कुणाकुणाला मागे बसलेला माणूस आवडत नाही, मग तो घरी थांबतो, आणि त्या दिवशी त्याचा मूड जरा जातो. डोळे आहेत तसेच आहेत. नव्या नंबरावर त्याने दोन आठवडे राग धरला. मग एके सकाळी कॅलेंडरचं कोरं पान घेऊन त्याने त्याला तीनाने भागलं. आले पंधरा कोटी एकोणऐंशी लाख एकोणऐंशी हजार सातशे अकरा. याला पुढे भाग जातो का ते तो बघतो आहे. मॅडमना मशीनवर क्षणात सांगता आलं असतं; त्यांनी विचारलंही, सांगू का. तो नको म्हणाला. शंभरच्या आतली एकही मूळ संख्या लागलेली नाही. काल संध्याकाळी तो एकशे एकच्या भागाकारात होता, आणि क्लचबाई पलंगावर बसून त्याला वजाबाकी मोठ्याने वाचून दाखवत होती.